इमर्जन्सीची पोस्टिंग लागलीये? जायच्या आधी हे वाचून घ्या

पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त अवघडल्यासारखं कशाने होतं सांगू का, उभं कुठे राहायचं तेच कळत नाही. वॉर्डमध्ये कसं, बेडच्या उजव्या बाजूला उभं राहायचं हे पहिल्या क्लिनिकपासून अंगात मुरलेलं असतं. इथे ट्रॉल्या येतायत, कोणीतरी एक्सरेचं मशीन ढकलत आणतंय, दोन मॉनिटर एकदम वाजतायत आणि आपण जिथे उभे राहू तिथलंच ड्रॉवर नेमकं कोणालातरी उघडायचं असतं. मग मेडिकलची मुलं काय करतात, भिंतीला टेकून उभी राहतात आणि महिनाभर तिथेच राहतात. पोस्टिंग संपते, सही मिळते, हाताला काही लागत नाही. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे लिहितेय, जरा लांबलंय पण कामाचं आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. इमर्जन्सीत तुमचा अनुभव सगळ्यात कमी असतो, ऑर्डर लिहायचा अधिकार नसतो, पण तुमच्याकडे एक गोष्ट असते जी त्या खोलीत दुसऱ्या कोणाकडेही नसते आणि ती म्हणजे वेळ. रेसिडेंट एकाच वेळी आठ-दहा पेशंट डोक्यात घेऊन पळत असतो, सिस्टरकडे त्याहून जास्त, कन्सल्टंटला चारही बाजूंनी हाका असतात. तुमच्याकडे पेशंट दोन. म्हणजे पेशंटजवळ पूर्ण एक मिनिट उभं राहून श्वास मोजणं, नातेवाइकांनी आणलेल्या औषधांच्या पिशवीतलं एकेक पाकीट वाचणं, अर्ध्या तासाने परत जाऊन बघणं, हे तिथे निवांतपणे फक्त तुम्हीच करू शकता. याला कमी समजू नका प्लीज, कितीतरी पेशंट यानेच सापडतात.

जायच्या आधी

अख्खं पुस्तक वाचत बसू नका, वेळ नाही तेवढा. आजाराच्या नावाने वाचायचं नाही, तक्रारीच्या नावाने वाचायचं, कारण पेशंट "मला पल्मनरी एम्बोलिझम झालाय", म्हणजे फुप्फुसात गुठळी अडकलीये, असं म्हणत येत नाही, तो "दम लागतोय" म्हणून येतो. छातीत दुखणं, दम लागणं, पोटदुखी, डोकेदुखी, शुद्ध हरपणं, फिट, ताप आणि बीपी लो, मार लागणं, विषबाधा, एवढ्या तक्रारी घ्या आणि प्रत्येकीत जीव घेणारी कारणं कोणती तेवढं पाठ करा. बेसिक लाईफ सपोर्टचं ट्रेनिंग झालं नसेल तर आधी ते करून घ्या. हिपॅटायटिस बी चे डोस पूर्ण आहेत का बघा. सेकंद काटा असलेलं घड्याळ, टॉर्च, खिशात मावेल अशी वही, पायाची बोटं झाकणारे बूट. बास.

आणि पहिल्या दिवशी अर्धा तास लवकर जाऊन ज्या सिस्टर ड्युटीवर असतील त्यांना स्वतःचं नाव सांगा, कितव्या वर्षाला आहात सांगा, आणि म्हणा की मला क्रॅश कार्ट उघडून दाखवता का. ही इमर्जन्सीच्या औषधांची-सामानाची ट्रॉली, तिच्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये काय आहे ते बघून ठेवा. हृदयाला शॉक द्यायचं डिफिब्रिलेटर कुठे, ग्लुकोमीटर कुठे, ईसीजीचं मशीन कुठे, सक्शन कसं चालू होतं, हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्ब्यू बॅग आणि मास्कचे साईज कुठे, शार्प्सचा म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा डबा कुठे. कोणीतरी "ॲड्रेनालिन आण" म्हणून ओरडतं तेव्हा जो विद्यार्थी न विचारता तीन सेकंदात आणून देतो ना, त्याला दुसऱ्या दिवसापासून सगळे नावाने हाक मारतात.

जमलं तर पहिल्या शिफ्टचे दोन तास ट्रायाजला बसा. ट्रायाज हा फ्रेंच शब्द, अर्थ निवडणं, वेगवेगळं करणं. नेपोलियनच्या फौजेतला सर्जन लारे याने जखमींना हुद्दा न बघता जखम किती गंभीर आहे ते बघून आधी-नंतर घ्यायची पद्धत घालून दिली, आजही मुळात तेच आहे, फक्त कुठे रंग वापरतात कुठे आकडे. तिथे बसलं की एक गोष्ट डोळ्याला कळायला लागते जी पुस्तकात नाही, ती म्हणजे आजारी माणूस दारातून आत येताना कसा दिसतो.

पहिलं मिनिट

वॉर्डात शिकवलेला क्रम असतो हिस्टरी, मग तपासणी, मग निदान, मग उपचार. इथे तो उलटा होतो. इथे पहिला प्रश्न "काय झालंय" हा नाही, "पुढच्या तासाभरात याचा जीव कशाने जाऊ शकतो" हा आहे, आणि तो सापडला तर निदान व्हायच्या आधीच उपचार सुरू होतो. म्हणून ए, बी, सी, डी, ई. एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन, डिसॅबिलिटी म्हणजे मेंदू, आणि एक्स्पोजर म्हणजे कपडे बाजूला करून नीट बघणं. प्रत्येक टप्प्यावर गडबड सापडली की ती दुरुस्त करूनच पुढे जायचं, यादी पूर्ण करून मग मागे यायचं नाही.

सोपी सुरुवात कशी, तर जवळ जाऊन स्वतःचं नाव सांगा आणि विचारा, "काय होतंय तुम्हाला?" पूर्ण वाक्यात नीट उत्तर आलं म्हणजे आत्ता या क्षणी एअरवे मोकळा आहे, बोलण्याइतका श्वास आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय. दोन शब्द बोलून थांबतोय, परत दोन शब्द, म्हणजे ब्रीदिंगची गडबड. उत्तर भलतंच येतंय किंवा येतच नाहीये, तर सिनियरला हाक मारा, आत्ता, हिस्टरी राहू दे. बोलता बोलता मनगट हातात घ्या, पल्स तर कळतोच पण हात गार आहे का, घामाने ओला आहे का तेही कळतं. आणि शुद्धीत गडबड असलेल्या प्रत्येक पेशंटची शुगर, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, दारूचा वास येत असला तरी, फिट येऊन गेली असली तरी, एक बाजू लुळी असली तरीसुद्धा. हायपोग्लायसेमिया म्हणजे शुगर खूप कमी होणं, ते हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसू शकतं आणि ग्लुकोजने काही मिनिटांत माणूस उठून बसतो.

श्वासाबद्दल थोडं जास्त बोलते कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. कुठल्याही इमर्जन्सीतले कागद चाळून बघा, रेस्पिरेटरी रेट, म्हणजे मिनिटाला किती श्वास, बहुतेकांचा १८ किंवा २० लिहिलेला असतो, कारण तो मोजत कोणी नाही, अंदाजे टाकतात. माझ्या पोस्टिंगच्या दुसऱ्या आठवड्यात विशीतली एक मुलगी आली होती, उलट्या आणि पोटदुखी, कागदावर गॅस्ट्रायटिस लिहिलेलं, रेट १८, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ९९ टक्के. मला तिची केस घ्यायला सांगितली. ती कुशीवर पडून होती, गळ्याजवळची हाडं प्रत्येक श्वासाला वर येत होती, श्वास भरभर नुसता नव्हता, खोल होता, धावून आलेल्या माणसासारखा, आणि ओठ कोरडे, जीभ टाळूला चिकटतेय अशी बोलत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं तर ३४. छाती दोन्हीकडून एकदम स्वच्छ. फुप्फुसं चांगली, सॅच्युरेशन ९९, मग एवढा श्वास कशासाठी घेतेय ही? सिस्टरना विचारून शुगर केली, ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं "हाय" आलं. डीकेए होता, म्हणजे डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडून रक्तात ॲसिड साठलं होतं, ते बाहेर टाकायला शरीर कार्बन डायऑक्साईड फेकत होतं. तिला स्वतःला डायबेटिस आहे हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी काही ग्रेट केलं नाही, एक मिनिट मोजलं फक्त. तुम्हीही मोजा, प्रत्येकाचा, पूर्ण मिनिट, आणि पेशंटला न सांगता मोजा, पल्स धरल्यासारखं करून, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो.

जीसीएसचंही, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचंही, तसंच आहे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ते छापलं ते मुळात यासाठी की दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या वेळी एकाच पेशंटला बघितलं तर सुधारतोय की बिघडतोय ते आकड्यात कळावं. म्हणून नुसतं "जीसीएस ११" लिहू नका, ई किती व्ही किती एम किती असं फोडून आणि वेळ टाकून लिहा. डोळे ४ पैकी, बोलणं ५ पैकी, हालचाल ६ पैकी, सगळ्यात कमी ३. शून्य नसतो.

हिस्टरी घेताना

वॉर्डातली पाऊण तासाची हिस्टरी इथे चालत नाही, पण म्हणून उरकायचीही नाही. डोक्यात दोन यादी ठेवा, एक "बहुतेक हे असावं" आणि दुसरी "हे असेल आणि सुटलं तर माणूस जाईल". प्रश्न दुसऱ्या यादीसाठी विचारायचे.

छातीत दुखणं घ्या. जीव घेणारी सहा, हार्ट अटॅक, एऑर्टिक डिसेक्शन (एऑर्टा या मुख्य रक्तवाहिनीची भिंत चिरणं), पल्मनरी एम्बोलिझम, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा कोंडून फुप्फुस दबणं), टॅम्पोनाड (हृदयाभोवती द्रव साठून ते दबणं) आणि अन्ननलिका फाटणं. ईसीजी पेशंट आल्यापासून १० मिनिटांच्या आत निघाला पाहिजे आणि कोणीतरी सिनियरने, म्हणजे ईसीजी वाचता येणाऱ्याने, बघितला पाहिजे, नुसता काढून फाईलला लावलेला ईसीजी हा न काढलेल्या ईसीजीइतकाच. मग दुखणं एका क्षणात सुरू झालं का, पाठीत फाटल्यासारखं आहे का, दोन्ही हातांचं बीपी सारखं आहे का. एक पाय सुजलाय का, नुकतं ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास झालाय का. खूप उलट्या झाल्यानंतर दुखायला लागलं का. एवढ्या चार-पाच प्रश्नांत अर्ध्याहून जास्त यादी तपासून होते. टेन्शन न्यूमोथोरॅक्सला मात्र एक्सरेची वाट बघायची नसते, तो डोळ्याने आणि कानाने ओळखायचा, शंका आली की सिनियरला ओढून आणायचं.

बाकीच्यांचं थोडक्यात. डोकेदुखीत विचारा, किती वेळात टोकाला गेली, एका मिनिटाच्या आत आयुष्यातली सगळ्यात जोरात डोकेदुखी म्हणजे सबॲरॅक्नॉइड हॅमरेज (मेंदूभोवती रक्तस्राव) नाही हे सिद्ध होईपर्यंत सोडायचं नाही. वयस्कर माणूस, कमरेत-कुशीत पहिल्यांदाच दुखतंय आणि कागदावर किडनी स्टोन लिहिलंय, तर एऑर्टा फुगून फुटतेय का याचा विचार करा. मूल होऊ शकतं अशा वयातली बाई, पोटदुखी किंवा चक्कर, तर प्रेग्नन्सी टेस्ट, ती काहीही म्हणाली तरी, आणि विचारायचं एकांतात, नवरा-आई सगळे बाहेर. स्ट्रोकमध्ये "कधी सुरू झालं" पेक्षा "शेवटचं एकदम ठीक कधी बघितलं होतं" हा प्रश्न महत्त्वाचा. सकाळी उठल्यावर लक्षात आलं तर घड्याळ रात्री झोपल्यापासून धरतात, आणि क्लॉट विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून ही वेळ ज्याला माहितीये तो नातेवाईक शोधून काढणं, फोन करून विचारणं, हे तुमचं काम. हे तुम्ही केलंत तर टीमची दहा मिनिटं वाचतात.

औषधं विचाराच. रक्त पातळ करणारी आहेत का, कारण मग साधं डोकं आपटणंही साधं राहत नाही. हृदयाची गती कमी ठेवणारं बीटा ब्लॉकर आहे का, कारण मग रक्तस्राव होत असतानाही पल्स ७८ च राहू शकतो आणि आपण फसतो. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या, ॲलर्जी, शेवटचं खाल्लं कधी. पेशंट "बीपीची पांढरी गोळी" एवढंच सांगतो, म्हणून म्हटलं पिशवी उघडा.

सिनियरला सांगायचं कसं

हे मी फार चुकीचं करायचे. जन्मापासून सुरुवात करून कुटुंबाचा इतिहास, व्यसनं, मग शेवटी कधीतरी बीपी. तोवर सर तिसऱ्या पेशंटकडे. दोन मिनिटांच्या वर जायचं नाही आणि पहिल्या वाक्यातच पेशंट आजारी आहे की नाही ते आलं पाहिजे. साधारण असं,

"सर, ५८ वर्षांचे गृहस्थ, मला ते आजारी वाटतायत. डायबेटिस आणि बीपी आहे. दोन तासांपासून छातीत मधोमध दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय. पल्स ५८, बीपी १०० बाय ७०, रेट २२, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ९६. ईसीजी हा, मला दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर वाटतंय. मला इन्फिरिअर एमआय वाटतोय. डिसेक्शन डोक्यात होतं पण पाठीत दुखत नाहीये आणि दोन्ही हातांचं बीपी सारखं आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी नाही. उजव्या बाजूचा ईसीजी काढू का आणि कार्डिओलॉजीला कॉल करायचा का?"

बघा, यात शेवटी तुम्ही काहीतरी ठरवलंय. "मला वाटतं हे असावं आणि मी असं करेन" हे म्हणायची भीती वाटते, चुकेल म्हणून, पण चुकलं तर तिथल्या तिथे कोणीतरी सांगतं का चुकलं आणि ते जन्मभर लक्षात राहतं. गप्प राहिलेल्याला कोणी काही शिकवत नाही. फक्त एक, असा हार्ट अटॅकचा ईसीजी हातात आला तर हे सगळं भाषण नंतर, आधी पळत जाऊन तो कागद दाखवायचा. आणि जे विचारलं नाही ते विचारलं नाही म्हणून सांगा. "बहुधा नसेल ॲलर्जी" असं कधीही म्हणू नका, "विचारलं नाही, आत्ता विचारून येते" म्हणा, पाच सेकंदांचा प्रश्न आहे.

सीपीआर चालू असताना

हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबणं चालू असतं, इथे विद्यार्थ्याला खरोखर काम असतं. ग्लोव्ह्ज घाला, सिनियरच्या डोळ्यांपुढे जा आणि म्हणा, "मी कॉम्प्रेशन करू शकते." मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, याचाच सगळ्यांना विसर पडतो, दमलं की माणूस छातीवर रेलतो. ट्रॉली उंच असेल तर स्टूलवर चढा, खांदे सरळ तळव्यांच्या वर आले पाहिजेत, कोपर ताठ. म्हाताऱ्या माणसात पहिल्या काही दाबांतच तळव्याखाली बरगडी कट्कन गेलेली जाणवते, फार विचित्र वाटतं, हात आपोआप हलका होतो. होऊ देऊ नका. दोन मिनिटांनी दुसरा घेईल, तुम्ही दमला नसलात तरी बदला, कारण दमलेलं आपल्याला कळायच्या आधी कॉम्प्रेशन उथळ झालेलं असतं.

हाताला काम नसेल तर वेळ धरा. कागद घ्या, सीपीआर कधी सुरू झाला, शॉक कधी दिला, ॲड्रेनालिन कधी गेलं ते लिहा आणि "ॲड्रेनालिनला तीन मिनिटं झाली" असं मोठ्याने सांगा, १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी असतं आणि गोंधळात हमखास मागेपुढे होतं. तुम्हाला काही करायला सांगितलं तर परत म्हणून दाखवा, झाल्यावर "झालं" म्हणा. कोणालाच उद्देशून नसलेलं "कोणीतरी शुगर करा रे" हे वाक्य हवेत विरतं, तेव्हा हात वर करून "मी करते" म्हणा.

हाताची कामं

लाईन, म्हणजे शिरेत सलाईनची नळी (कॅन्युला), टाकायला मिळेल, मागून घ्या. शांत पेशंटवर सुरुवात करा, कोसळणाऱ्यावर नाही. टर्निकेट बांधलं की घाई न करता व्हेन बोटाने शोधा, दिसणारीपेक्षा बोटाखाली उसळणारी चांगली. चामडी खालच्या बाजूला अंगठ्याने ताणून धरा नाहीतर व्हेन घसरते. साधारण १५ ते ३० अंशात आत जा, मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं की मुलं तिथेच आनंदाने कॅन्युला ढकलतात आणि व्हेन फुगते, तसं करू नका, सुई आडवी करून अजून एक-दोन मिलिमीटर आत जायचं, कारण सुईचं टोक व्हेनमध्ये असतं पण प्लॅस्टिकचं अजून बाहेर असतं, मग नळी सरकवायची. टर्निकेट सोडून, वरून दाबून, मग सुई बाहेर आणि ती स्वतःच्या हाताने थेट शार्प्सच्या डब्यात. कॅन्युलाचं गेज रंगावरून कळतं, गुलाबी २०, हिरवी १८, राखाडी १६, केशरी १४. रक्तस्राव असेल तर जाड आणि आखूड, दोन्ही हातांत एकेक. दोनदा चुकलं की थांबा आणि दुसऱ्याला बोलवा, पेशंटचा हात म्हणजे सरावाचा मॉडेल नाही.

टाके घालताना बधिर करणारं लिग्नोकेन टोचायच्या आधी जखमेच्या पुढची संवेदना, बोटांची हालचाल आणि रक्तपुरवठा तपासून लिहून ठेवा. नंतर बधिर झालेल्या बोटाला नर्व्ह कापली गेली होती की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम धरा, २ टक्क्यांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ मिलिलिटर, संपलं. आणि धुवा, भरपूर धुवा, टाके किती सुंदर यापेक्षा जखम किती स्वच्छ हे कितीतरी महत्त्वाचं. टिटॅनसचं इंजेक्शन विचारा.

सुई टोचली तर. हे वाचताना प्लीज थांबून वाचा. साबण आणि पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच सांगा. एचआयव्ही पॉझिटिव्ह रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, म्हणजे घाबरून जायची गोष्ट नाही, पण औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो पहिल्या काही तासांत, ७२ तासांच्या पुढे त्याचा उपयोग धरत नाहीत. आमच्या बॅचमधल्या एकीने रागावतील म्हणून दोन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. ते दोन दिवस तिने कसे काढले असतील याचा विचार करून अजूनही पोटात कालवतं. शिफ्ट सोडून जा, पेशंट सोडून जा, पण त्याच क्षणी सांगा.

परत जाऊन बघा

आता जिथून सुरुवात केली तिथे येते. पेशंट बघितला, सांगितला, रक्त पाठवलं, सलाईन लावलं. इथे बहुतेक जण दुसऱ्या पेशंटकडे वळतात आणि पहिल्याकडे थेट रिपोर्ट आल्यावर जातात. तुम्ही वीस-तीस मिनिटांनी जा. दुखणं दहापैकी आठ होतं, आता किती? अर्धा लिटर गेलं, पल्स उतरला का, हात गरम झाले का, लघवी झाली का? अँटिबायोटिक लिहिलंय पण खरंच गेलंय का, कल्चरचं रक्त त्याच्या आधी काढलं का? बघून वेळ टाकून दोन ओळी लिहा. ॲनाफायलॅक्सिसमध्ये, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीत तर ॲड्रेनालिन मांडीत दिल्यावर पाच मिनिटांतच परत बघायचं असतं, सुधारला नाही तर परत द्यावं लागतं.

यात दुसरीही गोष्ट होते. पहिल्या दहा मिनिटांत जे नाव पेशंटला चिकटतं ते सुटत नाही, ट्रायाजने गॅस्ट्रायटिस लिहिलं की पुढचे चार जण गॅस्ट्रायटिसच बघतात. परत जाताना ते नाव बाजूला ठेवा आणि विचारा की मला हा पेशंट आत्ता पहिल्यांदा भेटला असता तर मी काय म्हटलं असतं. घरी सोडायच्या आधीही तसंच, व्हायटल्स परत घ्या, चालवून बघा, पाणी पिऊन बघू द्या. चक्कर म्हणून आलेला माणूस ट्रॉलीवरून न उतरवता घरी सोडू नये हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे. आणि सोडताना "काही वाटलं तर या" असं मोघम नको, नेमकं काय झालं तर यायचं ते सांगा आणि त्यांच्याकडून परत म्हणून घ्या.

मृत्यू, नातेवाईक, राग

वाईट बातमी विद्यार्थ्याने एकट्याने द्यायची नसते, कोणी सांगितलं तरी नाही म्हणा. पण सिनियर जाताना सोबत जा, विचारून जा. चांगले सिनियर काय करतात बघा, आधी बसतात, नातं विचारून घेतात, नातेवाइकांना आधीच काय माहितीये ते ऐकतात आणि मग "मृत्यू झाला" हाच शब्द वापरतात, "आपल्यात राहिले नाहीत", "आम्ही खूप प्रयत्न केले" एवढ्यावर सोडत नाहीत, कारण ऐकणारा त्यातून आशा शोधत असतो. नंतर गप्प बसतात. ती शांतता भरून काढायचा प्रयत्न करू नका.

वातावरण तापतंय असं वाटलं, आवाज चढतायत, माणसं वाढतायत, तर तुम्ही तिथे शूर व्हायचं नाही. दार आणि तुमच्यामध्ये कोणी येणार नाही असं उभं राहा, सिनियरला आणि सिक्युरिटीला कळवा, बाहेर पडा.

आणि पहिला मृत्यू बघितल्यावर कसंतरी होणारच. पुढच्या पेशंटकडे जाताना हात थरथरत असतील तर सांगा, पाच मिनिटं बाहेर जाऊन या. मला त्या दिवशी एका सिस्टरनी विचारलं होतं, "पहिलाच होता का?" आणि स्वतः माझा पुढचा पेशंट अर्धा तास सांभाळला. तेवढं एक वाक्य पुरतं, तुमच्यासोबतच्या कोणाला तशी वेळ आली तर तुम्ही विचारा.

नाईट आणि शिफ्ट संपताना

नाईटच्या आधी दुपारी झोपाच, पहाटे तीन ते पाच डोकं सगळ्यात मंद चालतं, त्या वेळात डोस दोनदा बघा आणि मुलांचा डोस तर वजन विचारून, लिहून, दुसऱ्याला दाखवून. संपल्यावर झोप येत असेल तर गाडी स्वतः चालवू नका.

वहीत रोज दोन पेशंट लिहा, नाव-नंबर न टाकता, मला काय वाटलं होतं आणि शेवटी काय निघालं. ॲडमिट झालेल्याचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन विचारून या.

आणि निघताना तुमचा पेशंट नीट सोपवून निघा. आत्ता काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, पुढे काय बघायचं, या क्रमाने. "ट्रोपोनिन पाठवलंय, दुसरं तीन तासांनी म्हणजे साडेअकराला घ्यायचं, तोवर दुखणं परत सुरू झालं तर ईसीजी" इतकं स्पष्ट, समोरच्याने ते लिहून घेईपर्यंत थांबा. मग दोघं मिळून पेशंटजवळ जा आणि त्यांना सांगा की मी आता निघतेय, यापुढे हे तुमच्याकडे बघतील.